आडवी रेघ

पडले मी लेक अव्हेन्यूच्या उतारावर, बर्फात,
हातात दुधाचा कॅन.
कॅन वाचला. बरगडीही शाबूत निघाली.
पण बरगडीच्या मागे, उजवीकडे, वरच्या मजल्यावर
कुणीतरी राहतंय, असं कळलं.

नऊ मिलिमीटर. वाटाण्याएवढं, डॉक्टर हाल्वरसन म्हणाल्या.
घरी येऊन मी ईशानीच्या कंपासपेटीतली पट्टी शोधली.
फ्रीझरमधले वाटाणे कुणी सात, कुणी दहा.
उपेंद्रच्या कॉलरचं बटण मात्र नेमकं नऊ.
तेव्हापासून तो समोर बसला की
मी त्याच्या गळ्याकडे बघून बोलते.

सुई घालून तुकडा काढता येईल,
पाचात एकाचं फुप्फुस बसतं, पुन्हा फुगतंही.
नाहीतर सरळ कापून काढायचं.
नाहीतर तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन.
मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं,
तुम्हाला काय हवंय?
मिरजेला डॉक्टर असं विचारत नसत.
चष्मा कपाळावर चढवून सांगत,
आपण पिशवी उचलून निघायचं.
मला काय हवंय!
परतताना पालक हवा होता, तो घेतला.

घरात कुणाला टीबी होता का?
माझा हात सवयीनं 'नाही'वर गेला,
व्हिसाच्या वेळी गेला होता तसाच.
जुना व्रण असला तर बरंच, त्या म्हणाल्या,
चुना धरून बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अण्णाकाकांची वाटी वेगळी होती.
तळाला खिळ्यानं कोरलेली फुली.
कुणाचं लक्ष नसताना मी त्यांच्या मांडीवर बसून
त्याच वाटीतला साखरभात खाल्लाय.

कुमुदआक्काला फोन लावला.
"आक्का, अण्णाकाकांना क्षय होता ना?"
पलीकडे कुकरची शिट्टी.
"काहीतरीच! थंडी बाधायची त्यांना."
"आक्का, मला तो हवाय गं. तो असला तर बरं होईल."
"आवाज असा का येतोय तुझा? जेवलीस का?"
साठ वर्षं झाकलेलं
ती फोनवर कशाला उघडेल,
यंदा नातीचं ठरतंय तिच्या.

उपेंद्र म्हणतो, काढून टाकू. उद्याच.
विमा आहे, रॉचेस्टर साडेतीन-चार तासांवर आहे.
एकोणतीस वर्षं पूल तपासतो हा माणूस.
दोराला लोंबकळत, तुळईला भेग दिसली
की तिच्या टोकाशी खडूनं आडवी रेघ मारतो,
शेजारी तारीख घालतो,
आणि घरी येऊन दोनदा वरण मागून घेतो.
सहा महिन्यांनी जातो बघायला, रेघ ओलांडली का.
तोवर त्या पुलावरून शाळेच्या बस जातात.

मी त्याला हे म्हणाले.
"पुलाशी माझं लग्न झालेलं नाही," तो म्हणाला
आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागला.

रात्री तळ्यावरचा बर्फ कडकडत होता.
तो जागा होता, मी जागी होते,
दोघंही झोपेचं सोंग बऱ्यापैकी वठवत होतो.

सकाळी मी फोन केला. तीन महिने.
बारा जून, आठ वाजून दहा मिनिटं.
धीर वगैरे काही नाही.
सुईची भीती, हेही एक कारण.
त्या फुलीच्या वाटीवर थोडी भिस्त, हे दुसरं.
फोनवरच्या बाईनं स्पेलिंग दोनदा विचारलं
आणि दिवस चांगला जावो म्हणाली.

संध्याकाळी पोळ्या लाटताना तो मागे येऊन उभा राहिला.
स्वेटरवरून, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, बोटानं
एक आडवी रेघ.
मग शेजारी काही लिहू लागला.
मी विचारलं नाही, आकडे ओळखले. आजचे.
"हलू नकोस," तो म्हणाला, "वर्ष राहिलंय."

तव्यावरची पोळी करपत होती.
मी हलले नाही.